रांग कुठे अडते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रावणातला तिसरा सोमवार ज्यांनी त्र्यंबकेश्वरला पाहिला आहे, त्यांना रांग म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. आदल्या रात्रीपासून ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघालेली माणसे, कुशावर्तावरची गर्दी आणि मग देवळाकडे मुंगीच्या पावलांनी सरकणारी ती ओळ. बाहेर कितीही मोठा मांडव घाला, कितीही कठडे बांधा. गाभाऱ्यासमोरून जेवढी माणसे पुढे सरकतात, तेवढ्याच वेगाने सगळी रांग सरकते. मला आज तुमच्याशी बोलायचे आहे ते काँप्युटरच्या नेटवर्क कार्डाबद्दल. पण प्रश्न तोच आहे. रांग नेमकी कुठे अडते, हे आधी शोधायचे आणि मगच खिशात हात घालायचा.

मी नाशिकला तंत्रशिक्षण देणाऱ्या एका शाळेत बरीच वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. त्र्यंबकला आमच्या घरोब्यातले एक तीर्थोपाध्याय आहेत. त्यांच्या वाड्यात नामावळीच्या वह्या आहेत. आपल्यापैकी अनेकांनी त्या पाहिल्या असतील. यात्रेला आलेल्या कुटुंबाचे गाव, आडनाव, आजोबा-पणजोबांची नावे, कोण कशासाठी आले होते, हे सारे त्यात लिहिलेले असते. पुष्कळदा आलेल्या माणसाच्या स्वतःच्या हाताने. जुनी पाने मोडीत, नंतरची बाळबोधीत. पणजोबांची सही पाहून डोळ्यांत पाणी आलेली माणसे मी त्या ओसरीवर पाहिली आहेत.

गुरुजींच्या सूनबाईंनी या वह्यांची छायाचित्रे काढून काँप्युटरवर ठेवायचे काम हाती घेतले. रोज दुपारी थोडी थोडी पाने. पाहता पाहता वीस हजार पाने झाली. एकेक छायाचित्र साधारण पंचवीस मेगाबाइटचे, म्हणजे सगळे मिळून पाचशे गिगाबाइट. त्याची दुसरी प्रत वाड्याच्या मागच्या खोलीतल्या पुतण्याच्या काँप्युटरवर ठेवायची असे ठरले होते. दोन्ही काँप्युटर केबलने जोडलेलेही होते. पण प्रत करायला बसले की बारा-तेरा तास लागत. त्र्यंबकचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. बारा तासांत एकदा तरी वीज जायची आणि काम अर्धवट राहायचे. मग आज नको, उद्या करू. दिवाळीत केलेल्या प्रतीनंतर नवी प्रत झालीच नाही.

पुढच्या आषाढात वाड्याचे एक कौल सरकले आणि फडताळातली एक वही भिजली. सात पाने एकमेकांना चिकटून लगदा झाली. तरी सगळ्यांना धीर होता, कारण त्या पानांची छायाचित्रे फाल्गुनातच काढून झाली होती. श्रावणात एका सकाळी काँप्युटर चालू केला, तर हार्ड डिस्क नुसती खटखट करू लागली. दिवाळीनंतरची सगळी छायाचित्रे गेली. बाकीच्या वह्या शाबूत होत्या, त्यांची छायाचित्रे पुन्हा काढता आली. ती सात पाने मात्र दोन्हीकडून गेली.

गुरुजींनी मला बोलावून घेतले. म्हणाले, “मास्तर, झाले ते झाले. पण हे बारा तासांचे काम एका तासात होईल असे काही करता येईल का?”

वेग ही चैन आहे असे आपण समजतो. मला त्या दिवशी उलटे जाणवले. जे काम रात्रभर चालते ते माणूस टाळतो, आणि जे जेवण होईपर्यंत उरकते ते करतो. नेटवर्क कार्ड बदलण्याचे खरे कारण एवढेच आहे.

बिट आणि बाइट यांचा घोळ

आता थोडे गणित. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे कार्डावर १०० मेगाबिट लिहिले असेल, तर सेकंदाला १०० मेगाबाइट जातील असे समजू नका. आठाने भागा, साडेबारा येतात. त्यातून पत्ता, तपासणी वगैरेचा खर्च वजा जाता हातात अकरा-साडेअकरा मेगाबाइट पडतात. पाचशे गिगाबाइटला अकराने भागून पाहा. साडेबारा तासांच्या आसपास उत्तर येते. गुरुजींच्या घरी नेमके हेच घडत होते. काँप्युटर बिघडलेला नव्हता. त्याचे दारच तेवढे होते.

हजार मेगाबिटचे, म्हणजे एक गिगाबिटचे कार्ड असेल तर सेकंदाला एकशे दहा ते एकशे पंधरा मेगाबाइट जातात. तेच काम सव्वा तासात होते. अलीकडे अडीच गिगाबिटची कार्डेही सर्रास मिळतात. त्यांतून सेकंदाला पावणेतीनशे-दोनशे नव्वद मेगाबाइट जाऊ शकतात. मग तेच घ्यावे, असे कुणालाही वाटेल. पण थांबा. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे मेगाबाइटच लिहू शकते. दार कितीही रुंद केले तरी आतला पुजारी तेवढ्याच वेगाने प्रसाद वाटणार! दोन्ही बाजूंना एसएसडी असेल तरच अडीच गिगाबिटचा पुरेपूर उपयोग. नाहीतर गिगाबिटवर समाधान मानावे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. घरच्या इंटरनेटची योजना ५० किंवा १०० मेगाबिटची असेल, तर नवे कार्ड घालून इंटरनेट धावू लागणार नाही. तिथे रांग तुमच्या काँप्युटरशी अडलेलीच नाही. ती बाहेर अडली आहे. घरातल्या घरात, दुकानात किंवा कार्यालयात एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मोठ्या फाइली जात असतील, तिथेच या कार्डाचा फायदा. किंवा योजना १०० मेगाबिटच्या वरची घेतली आहे आणि जुने कार्ड मात्र शंभराचेच आहे, अशा वेळी.

“वायफाय असताना तारा कशाला?” असे पुतण्याने मला विचारले. त्र्यंबकच्या जुन्या वाड्यांच्या भिंती दोन-दोन हात जाड. रेडिओच्या लहरी अशा भिंतीतून जाताना दमतात. जलद वायफायच्या लहरी तर अधिकच. शिवाय वायफायची हवा घरातल्या सगळ्या यंत्रांत वाटली जाते. तार टाकली की ती त्या दोघांचीच.

‘ईथर’चे नाव

ही तारेची विद्या तशी जुनी आहे. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि त्यात ‘ईथरनेट’ हे नाव वापरले. प्रकाश ज्यातून वाहतो असे एकेकाळी मानत, त्या सर्वव्यापी ईथरवरून ते घेतले होते. मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग तीन मेगाबिटलाही किंचित कमी होता. १९८३ मध्ये दहा मेगाबिटचे प्रमाण ठरले, १९९५ मध्ये शंभराचे, १९९९ मध्ये तांब्याच्या साध्या तारेवरून हजाराचे. दहा हजारांचे २००६ मध्ये आले आणि अडीच व पाच गिगाबिटचे त्यानंतर, २०१६ मध्ये. हा उलटा क्रम का? कारण कार्यालयांच्या भिंतींत लाखो मीटर जुन्या तारा आधीच घातलेल्या होत्या. त्या न उपटता वेग वाढवायचा होता.

सुरुवातीला सगळे काँप्युटर एकाच जाड तारेवर बोलत. दोघे एकदम बोलले की टक्कर व्हायची. मग दोघेही गप्प बसून थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करत. आज मधे ‘स्विच’ नावाची पेटी असते. ती ज्याचा निरोप त्यालाच पोचवते, त्यामुळे टक्करच उरली नाही. गंमत अशी, की पन्नास वर्षांनंतरही जुनी आणि नवी कार्डे एकमेकांशी बोलू शकतात. जोडल्याबरोबर दोघे आपापला वेग सांगतात आणि दोघांना जमेल त्या सर्वांत मोठ्या वेगावर ठरते. म्हणूनच एक टोक जुने राहिले तर दुसऱ्या टोकाच्या नव्या कार्डाचा काही उपयोग होत नाही.

कार्ड निवडताना

काम सुरू करण्याआधी आहे तो वेग पाहून घ्या. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ या शब्दांपुढे तो लिहिलेला असतो. केबलच्या खाचेतल्या दिव्याच्या रंगावरून अंदाज करू नये. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. गुरुजींच्या काँप्युटरवर आकडा होता १००. पुतण्याचा काँप्युटर नवा, त्याची क्षमता १०००. मधला स्विचही हजाराचा. म्हणजे बदलायचे होते ते एकच कार्ड.

मग पेटी उघडून खाच बघायची. जुन्या काँप्युटरांत पीसीआय नावाची लांब, बहुधा पांढरी खाच असे. तिची सगळी मिळून क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि तीही इतर कार्डांशी वाटून घ्यायची. नव्या खाचेला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. तिच्यातली सर्वांत आखूड खाचसुद्धा पहिल्या पिढीत सेकंदाला २५० मेगाबाइट देते आणि दुसऱ्या पिढीत ५००. गिगाबिटला पहिली पुरते. अडीच गिगाबिटला दुसऱ्या पिढीची हवी. दहा गिगाबिटचे कार्ड आणायचे तर बहुधा लांब खाच लागते, आणि ती कार्डे तापतातही. घरी त्याची गरज क्वचितच पडते.

काँप्युटरची पेटी बारीक असेल तर कार्डाची मागची लोखंडी पट्टीही आखूड लागते. चांगल्या कार्डासोबत दोन्ही पट्ट्या देतात. दुकानात उघडून बघून घ्या. लॅपटॉपला हे कार्ड बसत नाही, त्याला यूएसबीला लावायचा अडॅप्टर मिळतो. मात्र तो यूएसबी ३ च्या खाचेत लावावा. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट आहे.

बसवणे कठीण नाही

काँप्युटर बंद करा, वीज बंद करून वायर काढा. पेटीच्या उघड्या धातूला एकदा हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. कार्ड कडांनी धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. मागची रिकामी पट्टी काढा, कार्ड खाचेवर सरळ ठेवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या आणि स्क्रू आवळा. पेटी बंद करून केबल जुन्या खाचेतून काढून नव्या कार्डात घाला. ही शेवटची गोष्ट विसरून ‘वेग वाढलाच नाही’ म्हणणारे शिक्षितही मी पाहिले आहेत.

एक काळजी आधी घ्या. पुष्कळ कार्डे काँप्युटर आपोआप ओळखतो. काही ओळखत नाही. त्यांना ड्रायव्हर नावाची आज्ञावली लागते आणि ती असते इंटरनेटवर! कार्ड चालत नाही म्हणून इंटरनेट नाही, इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. तेव्हा कार्ड बसवण्याआधीच ती पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. शिवाय प्रत्येक कार्डाचा स्वतःचा एक अंकी-अक्षरी पत्ता असतो. काही इंटरनेटवाले जोडणी त्या पत्त्याशी बांधून ठेवतात. कार्ड बदलल्यावर इंटरनेट बंद पडले तर घाबरू नका. त्यांना फोन करून नवा पत्ता कळवा.

चार तारा आणि आठ तारा

गुरुजींच्या घरी मी कार्ड बसवले, काँप्युटर चालू केला, ‘लिंक स्पीड’ पाहिला. १००! सूनबाई माझ्याकडे बघताहेत, गुरुजी चष्म्यावरून बघताहेत. मी कार्ड काढून पुन्हा बसवले, पुन्हा शंभरच.

मग केबलच्या टोकाची पारदर्शक पिन उजेडात धरली. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाने चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभर मेगाबिटला यांतल्या दोनच जोड्या लागतात. हजाराला चारही. ज्या कुणी वाड्यात ही केबल टाकली होती, त्याने नारिंगी आणि हिरवी जोडी तेवढी पिनेत बसवली होती. उरलेल्या चार तारा कापून मागे दुमडल्या होत्या. शंभराचे काम होत होते, म्हणून इतकी वर्षे कुणाला कळले नाही. दोन्ही टोकांनी हजाराचा प्रयत्न केला, जमले नाही, आणि शंभरावर उतरली. काही कार्डे तर अशा वेळी जोडणीच करत नाहीत.

नव्या पिना घेतल्या आणि आठही तारा ओळीने बसवल्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम तोच. क्रिंपिंगच्या पकडीने दाबल्या. या वेळी आकडा आला १०००.

माझा अनुभव असा, की नवे कार्ड घालूनही वेग वाढला नाही तर पहिला संशय केबलवर घ्यावा. केबल घेताना तिच्या अंगावर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असे छापलेले बघा. कॅट ५ई वरून गिगाबिट आणि अडीच गिगाबिट दोन्ही शंभर मीटरपर्यंत जातात. स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर ती घेऊ नका. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

वीज, पाऊस आणि तार

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडकडतात. वीज घरावरच पडायला हवी असे नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत क्षणभर मोठा दाब उत्पन्न होतो आणि नेटवर्कची खाच जळून जाते. एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून तार नेली असेल तर धोका फारच वाढतो. अशा ठिकाणी काचेच्या तंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची जोडणी करावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. ते जमत नसेल तर गडगडाट सुरू झाला की विजेची पिन काढतो तशी नेटवर्कची पिनही काढावी. बरेच लोक पहिली काढतात आणि दुसरी विसरतात. मूळ खाच अशी जळाली आणि बाकीचा काँप्युटर धड असला, तरीही हेच कार्ड कामी येते. अख्खा काँप्युटर बदलायची गरज नसते.

वेगानंतर शिस्त

कार्ड बसवून झाल्यावर सूनबाईंनी विचारले, “काका, दरवेळी सगळे पाचशे गिगाबाइट पाठवायलाच हवेत का? फक्त नवीन पाने पाठवली तर?” प्रश्न अगदी बरोबर होता. नवीन किंवा बदललेल्या फाइली तेवढ्याच पाठवणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात, आणि रोजच्या कामाला त्याच वापराव्यात. ते आधी माहीत असते तर जुन्या शंभराच्या कार्डावरही रोजची प्रत पाच-दहा मिनिटांत झाली असती, हे मला कबूल केले पाहिजे. पण पहिली प्रत पूर्णच करावी लागते. डिस्क बदलली की पुन्हा पूर्ण. आणि ठेवलेली प्रत वाचता येते की नाही, हे अधूनमधून सगळी परत वाचूनच कळते. त्या वेळी बारा तास आणि सव्वा तास यांतला फरक कळतो.

जाणकार सांगतात, की मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. गुरुजींकडे आता रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी नव्या पानांची प्रत मागच्या खोलीत जाते. महिन्यातून एकदा सगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर होते आणि ती नाशिकला त्यांच्या मुलीकडे जाते. एकाच कौलाखाली सगळे ठेवायचे नाही, हा धडा त्या आषाढाने दिला.

ती सात पाने परत आली नाहीत. सूनबाईंनी काँप्युटरवर त्यांच्या जागी सात कोरी पाने ठेवली आहेत, पानांचे क्रमांक घालून. वहीच्या मागच्यापुढच्या पानांवरून ती एकाच गावच्या घराण्यांची होती एवढे कळते. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्या निमित्ताने त्या गावचे कुणी येईल, अशी गुरुजींना आशा आहे. आले, तर आपण नाव वाचून दाखवायचे नाही, त्यांनाच आठवतील तेवढी नावे विचारून लिहून घ्यायची, असे त्यांनी ठरवले आहे. आणि त्या पानाची प्रत त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत जाईल.